किल्ली कुणाकडे आहे?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरात एक हत्ती विहिरीत पडला आणि तो बाहेर यायला तब्बल पस्तीस दिवस लागले. कौरव-पांडवांचे अख्खे युद्ध अठरा दिवसांत आटोपले होते. हा हिशेब मी मुद्दाम सांगतो आहे. कारण महाभारत सांगणारे व्यास महर्षी आमच्या यावलला राहून गेले अशी गावाची श्रद्धा आहे. त्यांचे देऊळ आहे, आणि गुरुपौर्णिमेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. अशा गावात एका साध्या गोष्टीचा शेवट कळायला पस्तीस दिवस लागावेत, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

झाले ते असे. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा वाढदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. त्या दिवशी त्यांच्या शाळेतले पुस्तकांचे कपाट उघडले गेले. सतरंजी अंथरली, मागे फलक लावला, मुलांना ओळीने बसवले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिले. मग फोटो काढले. फोटो जिथे पाठवायचे तिथे पाठवले. आणि घंटा होताच पुस्तके मोजून परत कपाटात गेली.

चिरंजीवांच्या हाती आलेल्या पुस्तकात एक हत्ती होता. तो पाचव्या पानावर कोरड्या विहिरीत पडला. सहाव्या पानावर गाव जमा झाले. सातवे पान उलटणार तेवढ्यात बाईंनी पुस्तक काढून घेतले.

संध्याकाळी मी बँकेतून घरी आलो, तर चिरंजीव तोंड फुगवून बसलेले.

"बाबा, हत्ती वर कसा आला?"

"कोणता हत्ती?"

सगळी हकीकत कळल्यावर मी नेहमीच्या सवयीने म्हटले, "उद्या चौकशी करून सांगतो." काउंटरवर बावीस वर्षे हेच वाक्य म्हणत आल्यामुळे ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडते. गिऱ्हाईक त्यावर निघून जाते. चिरंजीव गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच बँकेत चौकशी केली. कॅशियर म्हणाले, "क्रेन मागवली असेल." कर्ज विभागाने विचारले, "हत्ती तारण आहे का?" मॅनेजरसाहेबांनी हत्तीचा विमा उतरवला होता का, असे विचारून विषय संपवला. आणि आमचा शिपाई, जो या सगळ्यांत व्यवहारी, तो म्हणाला, "आधी विहीर कोणाच्या सातबाऱ्यावर आहे ते पाहा." घरी सौ.नी गणपतीचा धावा करून हत्ती वर काढला. माझी आई, जिने शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कायले रडतो रे बाबा? टोपलं टोपलं माती टाकत जायची इहिरीत. हत्ती पायाखाली दाबत जाईन अन् आपसूक वर येईन."

मला हा तोडगा एकदम पटला. चिरंजीवांनाही पटला असावा. पण ते म्हणाले, "हो, पण पुस्तकात काय लिहिलंय?"

वाचकहो, या प्रश्नावर मी गप्प झालो. कारण पुस्तकात पुढे काय लिहिले आहे हे जाणून घ्यायची ओढ, यालाच वाचनाची आवड म्हणतात. ती लावायला परिपत्रके निघतात, प्रशिक्षणे होतात, भाषणे होतात. आणि इथे ती एका आठ वर्षांच्या पोराला सहा पानांत, फुकट लागली होती. लागली त्याच क्षणी आपण तिच्यावर कुलूप घातले होते.

मी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे." मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले होते. कसले प्रशिक्षण, असे विचारले तर कळले की वाचनाचे. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापक होते, पण किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई टपाल घेऊन गेला होता. तिसऱ्या वेळी सत्र परीक्षा होती. परीक्षेच्या काळात पुस्तक मागणे म्हणजे सुतकात लाडू मागण्यासारखे, हे शाळेत कोणालाही विचारा. मग दिवाळीची सुट्टी लागली. मुलांना वाचायला वेळ असतो तो सुट्टीत, आणि कपाट हमखास बंद असते तेही सुट्टीत. असा योग आमच्या बँकेलाही अजून जुळवता आलेला नाही.

या शाळेचे नाव मी सांगणार नाही. एक तर चिरंजीवांना अजून तिथेच शिकायचे आहे. आणि दुसरे, नाव कोणतेही घातले तरी चालेल.

आता मला जे भांडण करायचे आहे ते करतो. पहिले भांडण एका शब्दाशी आहे. पाठ्यपुस्तकाखेरीज मूल जे काही वाचते त्याला आपण 'अवांतर वाचन' म्हणतो. अवांतर! म्हणजे मुख्य सोडून उरलेले. जमाखर्चात 'अवांतर खर्च' असे एक खाते असते. जे कुठेच बसत नाही आणि जे पुढच्या वर्षी कमी करा असे हिशेब तपासनीस लिहून ठेवतो, ते या खात्यात जाते. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. तुम्ही एखाद्या खर्चाला अवांतर म्हटलेत की तो आज ना उद्या बंद होणार, हे मी शपथेवर सांगतो. आईबाप घरात म्हणतात, "आधी अभ्यास कर, मग अवांतर वाच." अभ्यास कधी संपत नाही. मग अवांतर कधी सुरू होणार?

दुसरे भांडण डेडस्टॉक रजिस्टराशी. शाळेतली पुस्तके याच रजिस्टरात असतात. टेबल, खुर्ची, घंटा, वजनकाटा आणि पुस्तके. नावच मुळी डेडस्टॉक. मेलेला माल. त्यातले एखादे हरवले, फाटले, तर जबाब गुरुजींनी द्यायचा. असे असल्यावर कोणता शहाणा माणूस पुस्तक मुलाच्या हाती देईल? पुस्तक द्या म्हणून सरकारची तक्रार नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेसुद्धा हवीत, असे लिहिले आहे. त्याआधी १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली, तेव्हाही शाळांना पुस्तके मिळाली. पुस्तके येतात. आल्यावर ती कपाटात जातात आणि कपाटात ती सुखरूप राहतात.

आमच्या बँकेत एखाद्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावी लागते. हा नियम शाळेच्या कपाटांना लावला तर मुंबईत रिझर्व्ह बँकेला पुस्तके ठेवायला दुसरी इमारत बांधावी लागेल.

आणि फाटण्याचे म्हणाल, तर आम्ही बँकवाले मोठमोठी कर्जे बुडीत म्हणून निर्लेखित करतो. ती घेणारा माणूस कित्येकदा आमच्यासमोरून मोटारीतून जातो. आम्ही नमस्कारही करतो. मग एका पोराने गोष्टीच्या पुस्तकाचे एक पान फाडले तर ते निर्लेखित का होऊ नये? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की ग्रंथ आहेत ते वापरण्यासाठी. जपून ठेवण्यासाठी असा नियम पाचांत कुठेही नाही. मी मोजून पाहिले.

आता कोणी म्हणेल, आजकालच्या मुलांना वाचायलाच नको, सगळा दोष मोबाईलचा. हे वाक्य मीही म्हणत असे, बहुधा मोबाईलवर बोलता बोलता. पण जरा न्याय करा. घरात मोबाईल उघडा पडलेला आणि शाळेत पुस्तक कुलपात. मुलाने कोणते उचलावे? 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत, देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना पाच वर्षे शाळेत जाऊन दुसरीचा उतारा वाचता आला नाही. २०१८ साली हाच आकडा ५०.५ टक्के होता. मधल्या काळात कोरोनाने शाळा बंद ठेवल्या हे खरे. पण कोरोना यायच्या आधीसुद्धा निम्मी गाडी मागेच होती. एखाद्या शाखेची वसुली अशी असती तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती. इथे मुलाची बदली फक्त सहावीत होते.

पोहायला शिकायचे तर रोज पाण्यात उतरावे लागते, हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. वर्षातून एकदा काठावर सतरंजी अंथरून, पाण्याकडे तोंड करून फोटो काढल्याने कोणी पोहायला शिकत नाही. वाचनाचेही तेच. आमच्या भाषेत सांगायचे तर वाचन ही आवर्ती ठेव आहे. थोडे थोडे, पण नेमाने भरायचे. १५ ऑक्टोबरला एकदम मोठी रक्कम भरून उरलेले तीनशे चौसष्ट दिवस व्याजाची वाट पाहणारा ठेवीदार मी तरी पाहिलेला नाही.

आणि हे आपल्याला नवे थोडेच आहे? श्रावणात पोथी लागते. रोज एक अध्याय. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, कोणाला डुलकी लागते, कोणी वाती वळते. अध्याय संपला की प्रसाद. अध्यायानंतर कोणी असे म्हणत नाही की आता या अध्यायाचा सारांश दहा ओळींत लिहा आणि तुम्हांला काय बोध झाला ते सांगा. तसे म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी देवळात एकटा पुजारी उरला असता. शाळेत मात्र मुलाने चुकून एक पुस्तक वाचले की लगेच त्याच्यापुढे प्रश्न येतात. लेखकाचे नाव काय, आवडलेले पात्र कोणते, का आवडले, बोध काय. खानदेशात भरिताची पंगत उठल्यावर कोणी वांग्यावर निबंध लिहायला सांगत नाही, म्हणून तर माणसे भरिताला पुन्हा येतात.

महाभारत लिहायला गणपती बसला तेव्हा त्याने अट घातली की सांगणे मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. व्यासांना आमच्या गावचे मानायचे तर प्राथमिक शिक्षणाचा इतका चांगला नियम आमच्याच मातीतला. आणि आमचीच मुले फळ्यावरचे उत्तर अर्थ न कळता शुद्धलेखनासह उतरवून घेतात.

व्यास फार जुने झाले असे वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यातले अमळनेर घ्या. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत. त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढले. दैनिक, लक्षात घ्या. वार्षिक नव्हे. ते हस्तलिखित होते. त्या माणसाने वाचन प्रेरणा दिन कधी पाळला नाही, कारण त्याच्या मुलांना रोजच सकाळी काहीतरी नवे वाचायला मिळे. छापखाना नाही, अनुदान नाही, कपाट नाही. कपाट नसल्यामुळे किल्लीचा प्रश्नही नाही. त्याच गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. ते पुस्तक आज आपण मुलांना बक्षीस म्हणून देतो, आणि बक्षीस आहे, खराब होईल म्हणून पुन्हा काढून कपाटात ठेवतो.

एक विद्वान मित्र मला म्हणाले, "बहिणाबाईंना कुठे लिहिता-वाचता येत होतं? त्यांचं काही अडलं का?" असोद्याची ही माउली आमच्या जिल्ह्याची, तिच्याबद्दल मी वाकडे बोलणार नाही. पण तिच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी लिहून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि १९५२ साली पुस्तक निघाले म्हणून आपल्यापर्यंत आल्या. ते पुस्तक कपाटात राहिले असते तर माझ्या मित्रांना हा दाखलासुद्धा देता आला नसता. आणि ज्या बाईने जात्यावर इतके रचले तिला वाचता आले असते तर तिने काय काय वाचले असते, याचा विचार केला की मला झोप येत नाही.

माझी स्वतःची साक्ष काढायची तर मी वाचायला शिकलो वाण्याच्या पुड्यांवर. घरात पुस्तके नव्हती. पण शेव, गूळ, जिरे जे काही येई ते छापील कागदात येई. ती पुडी सोडली की मी कागद हातात धरून ओट्यावर बसे. कुठे 'चांदोबा'तल्या राक्षसाचा एक पाय, कुठे 'किशोर'मधल्या गोष्टीची मधली दोन पाने. शेवट बहुधा शेजारच्यांच्या पुडीत गेलेला असे. मी शेजारी जाऊन पुडी मागत असे. शेवट कळावा म्हणून दुसऱ्याच्या दारात जायला मला लाज वाटत नसे, ती सवय आता चिरंजीवांच्या हत्तीसाठी उपयोगी पडली. आज किराणा प्लास्टिकच्या पिशवीत येतो. आमचे ते एकमेव सार्वजनिक वाचनालयही बंद पडले.

एवढे बोलल्यावर एक कबुली द्यायला हवी. एका रात्री मी हेच सगळे घरात तावातावाने बोलत होतो. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, तुम्ही कोणतं पुस्तक वाचताय?" मी गेली कित्येक वर्षे परिपत्रकांखेरीज काही वाचलेले नव्हते. सौ.नी भांड्यांचा आवाज जरा मोठा केला. दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवणे झाली की वीस मिनिटे मी मोठ्याने वाचतो आणि घर ऐकते. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केले, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, तेच वाचतो. म्हणजे मोबाईलवरच. आई म्हणते, "पोथी लागली का रे?" मी म्हणतो, "हो, लागली."

शाळेकडे माझे मागणे मोठे नाही. आणखी पुस्तके नकोत, नवी योजना तर अजिबात नको. असलेल्या कपाटाचे कुलूप काढा. जूनपासून एप्रिलपर्यंत रोज वीस मिनिटे मुलाला हवे ते वाचू द्या, आणि त्या वेळात गुरुजींनीही वाचावे, वही तपासू नये. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. वाचल्यावर काही विचारू नका. मूल आपणहून सांगेल, तेव्हा ऐका. शनिवारी आणि सुट्टीत पुस्तक घरी न्यायला द्या. दरसाल शंभरातली दहा फाटणार हे आधीच धरून चाला आणि ती रक्कम खुशाल बुडीत खाती टाका. नोंद कशी करायची ते मी येऊन शिकवतो, फी घेणार नाही.

पस्तिसाव्या दिवशी मुख्याध्यापक, शिपाई आणि किल्ली हे तिघे एका वेळी शाळेत सापडले. मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. पोषण आहाराचा हिशेब, कुठली ना कुठली ऑनलाईन माहिती, निवडणुकीचे काम, हे सगळे त्याच्या डोक्यावर. त्यात वर हत्ती. त्यांनी कपाट उघडले. डांबर गोळ्यांचा वास आला. पुस्तक सापडले. मी शेवटचे पान उघडायला गेलो, तर शेवटचे पानच नाही.

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. "डेडस्टॉकला पूर्ण दाखवलंय हो!"

मी म्हटले, "अभिनंदन, गुरुजी! या कपाटातलं हे एकच पुस्तक कुणीतरी खरोखर वाचलंय."

ते हसले नाहीत. पण जरा वेळाने खाली आवाजात म्हणाले, "मग हत्ती वर आला कसा?" चिरंजीवांनी त्यांना आजीचा तोडगा सांगितला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण पुस्तकात काय लिहिलं असेल?"

मग आम्ही पान शोधायला लागलो. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात खूण म्हणून घातले असेल, असे बाईंचे म्हणणे पडले. तिसरीचा सगळा वर्ग कामाला लावला. सगळी पुस्तके बाहेर आली, प्रत्येक पान उलटले जाऊ लागले. पहिली पाच मिनिटे मोठा गलका होता. मग गलका कमी कमी होत गेला. मी मान वर करून पाहिले, तर पान शोधणारा मी एकटाच उरलो होतो. बाकी सगळे जिथे बसले होते तिथे वाचत होते. एक मुलगी अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. दोघे एकाच पुस्तकावरून भांडत होते. शिपाई दाराला टेकून काहीतरी वाचत होता. तास संपल्याची घंटा झाली नाही, कारण ती वाजवायची त्याने.

मला बँकेत त्या दिवशी अर्ध्या तासाचा उशीर झाला.

पान सापडले का? सापडले. हत्ती वर आला का? आला. कसा आला आणि माझी आई बरोबर होती की नाही, हे मात्र मी सांगणार नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत जा. कपाट कुठे आहे ते बघा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.